दर बदलले, तरी पाहुण्याच्या मोबाइलवर जुनेच: स्टॅटिक फायली आणि कॅशेची दुरुस्ती

होमस्टे, आंब्याची ऑनलाइन विक्री, स्कूबाची बुकिंग अशी छोटी संकेतस्थळं मी सांभाळतो. बहुतेक मालवण, देवगड, गुहागर या पट्ट्यातली, आणि जवळपास सगळी जँगोवर (पायथनमध्ये संकेतस्थळं बांधायची चौकट). सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन एकाच प्रकारचा असतो: "तू म्हणतंस दर बदलले, पण माझ्या मोबाइलार अजून जुनेच दिसतत." हा बिघाड मी इतक्या ठिकाणी दुरुस्त केला आहे की आता तपासण्यांचा क्रम ठरून गेलाय. तोच इथे देतोय. आधी फुकटच्या, दोन मिनिटांच्या तपासण्या. सर्व्हरला हात लावायचं काम नंतर.

लक्षणं

• तुमच्या लॅपटॉपवर नवं दिसतं, मालकाच्या किंवा पाहुण्याच्या फोनवर जुनं.

• पानावरचा मजकूर नवा, पण रंगरूप किंवा हिशेब जुना. खोलीचा नवा प्रकार यादीत दिसतो, तो निवडला की रक्कम मात्र गेल्या हंगामातल्या दराने येते. सगळ्या लक्षणांत मला हेच धोक्याचं वाटतं. पान मोडलेलं दिसत नाही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पाहुणा ती रक्कम खरी धरून घरातून निघतो आणि वाद होतो तो थेट दारात.

• इनकॉग्निटो खिडकीत सगळं बरोबर, नेहमीच्या खिडकीत जुनं.

• काही तासांनी किंवा दिवसांनी कोणी काही न करता आपोआप बरं होतं, आणि पुढच्या बदलाला पुन्हा तेच.

• याच्या उलट: नवा डिप्लॉय झाल्यावर, म्हणजे बदल सर्व्हरवर चढवल्यावर, काही जणांना पान बिनस्टाइलचं, नुसत्या मजकुराचं दिसतं आणि कन्सोलमध्ये ४०४ च्या, म्हणजे 'फाइल सापडली नाही' अशा ओळी असतात.

• एकाच फोनवर रिफ्रेश करत गेलं की कधी नवं, कधी जुनं.

दर जर डेटाबेसमधून थेट एचटीएमएलमध्ये छापले जात असतील आणि तिथेच जुने दिसत असतील, तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही. तिथे डेटा किंवा पानाचा सर्व्हरवरचा कॅशे, म्हणजे पुन्हा वापरायला साठवलेली प्रत, बघा. इथे विषय आहे तो सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं, फॉन्ट अशा स्टॅटिक फायलींचा. माझ्या अनुभवात या संकेतस्थळांवर दर लावणारी एक छोटी जावास्क्रिप्ट फाइल असतेच; तिला या पोस्टपुरतं 'दर.जेएस' म्हणू.

असं का होतं

ब्राउझर फाइल ओळखतो ती तिच्या पत्त्यावरून. आत काय बदललं हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपणच त्याला सांगितलेलं असतं की इतके दिवस विचारू नकोस. पत्ता तोच राहिला तर तो साठवलेली प्रत वापरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

मग साठवणूकच बंद करून टाकावी, असं मालक मंडळी सुचवतात. कृपा करून तसं करू नका. आपल्याकडे येणारा पाहुणा संकेतस्थळ बघतो तो बऱ्याचदा प्रवासात. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. कोकण रेल्वेच्या वाटेवर नेटवर्क येतं नि जातं. खाडीकाठच्या वाड्यांमध्ये एक काडी रेंज असते. अशा जोडणीवर प्रत्येक पानाला सगळी सीएसएस आणि सगळे फॉन्ट पुन्हा उतरवायला लावले, तर पाहुणा पान उघडायच्या आधीच दुसरीकडे जातो. कॅशे हवाच, आणि भरपूर काळाचा हवा. फक्त फाइल बदलली की पत्ता बदलला पाहिजे. पुढच्या सगळ्या तपासण्या ही साखळी कुठे तुटली ते शोधण्यासाठी आहेत.

तपासणी १: दोष कोणाच्या बाजूला आहे

इनकॉग्निटोच्या उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या आधी बंद करा, कारण त्या एकच तात्पुरता कॅशे वाटून घेतात. मग नवी खिडकी उघडून पान बघा. त्यानंतर दुसऱ्याच कोणाच्या फोनवर, ज्याने हे संकेतस्थळ कधी उघडलेलं नाही, मोबाइल डेटावर बघा.

दोन्हीकडे नवं दिसलं, तर सर्व्हर बरोबर फाइल देतोय आणि जुनी प्रत फोनमध्ये बसली आहे. दोन्हीकडे जुनंच दिसलं, तर फोनला दोष देण्यात अर्थ नाही. तपासणी ३ पासून पुढे जा. या एका फरकावर पुढचा अर्धा वेळ वाचतो, म्हणून ही तपासणी कधीच टाळू नका.

मालकाला "कॅशे क्लिअर करा" असं सांगून विषय मिटवायचा मोह होतो. मालकाचा फोन सुधारेल. पण पुण्यात, कोल्हापुरात, ठाण्यात बसलेल्या ज्या पाहुण्यांच्या फोनवर जुनी दर.जेएस आहे त्यांना कोण फोन करणार? त्यामुळे कॅशे साफ करणं ही फक्त तपासणी समजा. ती दुरुस्ती नाही.

रिफ्रेश करूनही जुनं का राहतं, हा प्रश्न हमखास येतो. क्रोममध्ये २०१७ पासून साधं रिलोड मुख्य पानाचीच खात्री सर्व्हरकडून करून घेतं. पानातल्या सीएसएस आणि जावास्क्रिप्टची मुदत संपली नसेल तर त्या साठवणीतूनच येतात. म्हणून मालक बोटाने पान खाली ओढत राहतात आणि काहीच बदलत नाही. ते बरोबर सांगत असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा.

तपासणी २: फाइलचा पत्ता आणि हेडर वाचा

लॅपटॉपवर पानाचा सोर्स उघडा आणि दर.जेएसचा पत्ता बघा. नावात हॅश आहे का? जँगो नीट लावलेलं असेल तर 'स्टाइल्स.सीएसएस'च्या जागी 'स्टाइल्स.५५ई७सीबीबी९बीए४८.सीएसएस' असं काहीतरी दिसतं. मधली बारा अक्षरं फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या एमडी५ हॅशची सुरुवातीची अक्षरं असतात. एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलतात, आणि काहीच बदललं नाही तर तीच राहतात. नाव साधंच दिसलं तर अर्धं निदान इथेच झालं.

मग डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा. 'कॅशे बंद करा' ही खूण आधी काढा. काम करताना ती खूण कायम लावून ठेवायची सवय असते, आणि त्यामुळेच करणाऱ्याला हा आजार कधी दिसतच नाही. आता पान उघडून दर.जेएसच्या ओळीत काय येतं ते बघा. 'डिस्क कॅशेमधून' असेल तर सर्व्हरला विचारलंच गेलं नाही. ३०४ असेल तर विचारलं गेलं आणि सर्व्हरने 'बदल नाही' असं उत्तर दिलं. २०० आणि खरा आकार दिसला तर फाइल नव्याने आली.

त्याच ओळीवर क्लिक करून उत्तराचे हेडर, म्हणजे फाइलसोबत सर्व्हरने पाठवलेल्या सूचना, बघा आणि कॅशे-कंट्रोल (प्रत किती काळ वापरायची), लास्ट-मॉडिफाइड, ईटॅग आणि एज ही चार मूल्यं कुठेतरी उतरवून ठेवा. पुढे कोणाची मदत घ्यावी लागली तर पहिला प्रश्न यांचाच येईल.

कॅशे-कंट्रोल अजिबातच नसेल तर थांबा, कारण इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. हेडर नसलं म्हणजे साठवणूक नाही, असं नसतं. एचटीटीपीच्या नियमांत, म्हणजे २०२२ च्या आरएफसी ९१११ मध्ये, अशा वेळी ब्राउझरला स्वतःचा अंदाज लावायची मुभा आहे, आणि फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला त्याच्या १० टक्के हे त्यासाठीचं नेहमीचं प्रमाण म्हणून दिलं आहे. आता आपल्याकडचं गणित करा. पावसाळ्याआधी दर लावले आणि मग १८० दिवस फाइलला कोणी हात लावला नाही. हंगामाच्या तोंडावर एखाद्या पाहुण्याने पान उघडलं, तर त्याचा ब्राउझर ती प्रत १८ दिवसांपर्यंत ताजी मानू शकतो. काही ब्राउझर याहून कमी मर्यादा घालतात, पण आठवडा गेला तरी नाताळचं बुकिंग त्यात निघून जातं. फाइल जितकी जुनी, तितका हा काळ मोठा. म्हणूनच ज्या संकेतस्थळाकडे वर्षभर कोणी बघत नाही, तिथेच ऐन गर्दीत हा त्रास सगळ्यात जास्त होतो. आंब्याचं तर याहून वाईट, कारण तिथे पेटीचा दर आठवड्याला उतरतो.

तपासणी ३: सेटिंग

हॅश दिसत नसेल तर जँगोची सेटिंग फाइल उघडा. तीन गोष्टी बघायच्या.

डीबग, म्हणजे चुका तपशिलात दाखवायची सोय, चालू आहे का? चालू असेल तर जँगो मुद्दाम हॅशशिवायची नावं देतं. स्वतःच्या लॅपटॉपवर हे ठीकच आहे. खऱ्या सर्व्हरवर डीबग चालू असेल तर कॅशेपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न मोठा आहे, ते आधी बंद करा.

स्टॅटिक फायलींसाठी स्टोरेज कोणतं आहे? जँगोचं मूळ स्टोरेज नाव बदलत नाही. मॅनिफेस्ट स्टॅटिक फाइल्स स्टोरेज, किंवा व्हाइटनॉइज (जँगोतूनच स्टॅटिक फायली देणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्याचं कॉम्प्रेस्ड मॅनिफेस्ट स्टोरेज, आपण हाताने निवडावं लागतं. मॅनिफेस्टची, म्हणजे कोणत्या फाइलचं हॅशवालं नाव काय या यादीची, सोय जँगो १.७ पासून आहे, तरी कितीतरी प्रकल्पांत ती लावलेलीच नसते.

तिसरी गोष्ट अलीकडे वारंवार सापडते. पूर्वी 'स्टॅटिकफाइल्स स्टोरेज' नावाची एक वेगळी सेटिंग असायची. जँगो ४.२ ने तिच्या जागी 'स्टोरेजेस' ही एकत्र सेटिंग आणली आणि ५.१ मध्ये जुनी काढून टाकली. आवृत्ती वाढवताना जुनी ओळ तशीच राहिली तर जँगो तिच्याकडे बघतही नाही आणि मूळ स्टोरेजवर येतं. चूक कुठेच दिसत नाही, पान चालत राहतं, फक्त हॅश गेलेले असतात. "अपडेट केल्यापासून हे सुरू झालं" असं कोणी म्हणालं की मी आधी हीच ओळ बघतो. नवी सेटिंग लिहिताना 'डिफॉल्ट' आणि 'स्टॅटिकफाइल्स' हे दोन्ही भाग द्यावे लागतात. एकच दिला तर दुसरा आपोआप येत नाही.

लाराव्हेल मिक्स वापरणाऱ्यांनी व्हर्जनची ओळ आहे का ते बघावं. वर्डप्रेसवाल्यांनी थीममध्ये फाइल जोडताना आवृत्तीचा आकडा कुठून येतो ते बघावं; तो हाताने लिहिलेला असेल तर कोणीतरी वाढवायला विसरलेलं असतं.

तपासणी ४: फायली खरोखर गोळा झाल्या का

कलेक्टस्टॅटिक ही सगळ्या स्टॅटिक फायली एका फोल्डरमध्ये गोळा करणारी जँगोची आज्ञा डिप्लॉयच्या वेळी चालली का, आणि त्याच फोल्डरमध्ये चालली का जिथून वेब सर्व्हर फायली देतो? नव्या सर्व्हरवर स्थलांतर झाल्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर जुन्याच फोल्डरकडे बघत राहिल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

आज्ञा चालली, तरीही फाइल जुनीच? मग तिने काय छापलं ते वाचा. कलेक्टस्टॅटिक मजकूर तपासत नाही, फाइल बदलल्याची वेळ तपासतं. गोळा केलेली प्रत मूळ फाइलपेक्षा नवीन किंवा तितकीच असेल तर ते मूळ फाइल वगळून पुढे जातं. आपल्याकडे फायली बऱ्याचदा झिपमधून, पेनड्राइव्हवरून किंवा एफटीपीने येतात, आणि त्यांच्यावर वेळ असते ती डिझायनरने मागच्या आठवड्यात सेव्ह केल्याची. सर्व्हरवरची प्रत त्यानंतर गोळा झालेली असेल तर नवी फाइल कधी उचललीच जात नाही. उपाय सोपा आहे: त्या फाइलची वेळ आजची करा किंवा गोळा केलेली तेवढीच प्रत काढून टाका, आणि आज्ञा पुन्हा चालवा. सगळं साफ करून गोळा करायचा पर्यायही आहे, पण तो जुन्या हॅशच्या फायलीही उडवतो. तसं का करू नये ते पुढे येतं.

अजून एक. दोन अ‍ॅपमध्ये एकाच नावाची फाइल असेल तर पहिली सापडलेली जिंकते. तुम्ही दुसरीत बदल करत राहता आणि काही होत नाही. फाइंडस्टॅटिक या आज्ञेला फाइलचं नाव दिलं की ती कुठे कुठे सापडते ते सांगते. एक मिनिटाचं काम आहे.

तपासणी ५: टेम्प्लेटमध्ये हाताने लिहिलेले पत्ते

सगळ्या टेम्प्लेट, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये '/स्टॅटिक/' हा तुकडा शोधा, अर्थात तुमच्या प्रकल्पात तो ज्या इंग्रजी अक्षरांत आहे त्यात. टेम्प्लेटमध्ये पत्ता नेहमी स्टॅटिक टॅगमधूनच आला पाहिजे. हाताने लिहिलेल्या पत्त्याला हॅश मिळत नाही.

हा दोष लपून का राहतो? कलेक्टस्टॅटिक हॅशवाल्या प्रतीसोबत मूळ नावाची प्रतही ठेवतं. त्यामुळे हाताने लिहिलेला पत्ता ४०४ देत नाही. तो निमूटपणे चालतो आणि जुन्या कॅशेत अडकतो. व्हाइटनॉइजमध्ये फक्त हॅशवाल्या फायली ठेवायचा पर्याय आहे. चाचणीच्या सर्व्हरवर तो लावून बघा: जिथे जिथे पत्ता हाताने लिहिलाय तिथे पान लगेच मोडतं आणि सगळ्या जागा एका फेरीत सापडतात.

सीएसएसच्या आत यूआरएल म्हणून दिलेली चित्रं आणि फॉन्ट मॅनिफेस्ट स्टोरेज स्वतः बदलून देतं. जावास्क्रिप्टच्या आत अवतरणचिन्हांत लिहिलेला पत्ता मात्र ते बदलत नाही. किनाऱ्याची चित्रं फिरवणारा स्लायडर असेल तर त्याच्या चित्रांचे पत्ते बहुधा असेच स्क्रिप्टमध्ये असतात. असे पत्ते टेम्प्लेटमध्ये स्टॅटिक टॅगने काढून डेटा अ‍ॅट्रिब्यूटमधून स्क्रिप्टला द्या.

दरपत्रकाचं चित्र त्याच नावाने एफटीपीवरून बदलायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तीही आजच बंद करा. चित्र अ‍ॅडमिनमधून चढवलं तर जँगो नाव आधीच वापरात असल्यास नवं नाव देतं आणि प्रश्नच उरत नाही.

तपासणी ६: अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू केलं का

फायली गोळा झाल्या, मॅनिफेस्टमध्ये नवा हॅश दिसतोय, पण पानाच्या सोर्समध्ये जुनाच हॅश आहे. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: जँगोची प्रक्रिया मॅनिफेस्ट सुरुवातीला एकदाच वाचते आणि स्मरणात ठेवते. गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) किंवा जे काही वापरत असाल ते रीलोड करा. त्याच्या काही प्रक्रिया (वर्कर) नव्या आणि काही जुन्या राहिल्या, तर 'कधी नवं, कधी जुनं' हे लक्षण दिसतं.

तपासणी ७: वेब सर्व्हरचे हेडर

इथून पुढे चालू सर्व्हरला हात लागतो. कॉन्फिगरेशनची प्रत काढून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तीन प्रकारच्या गोष्टींना तीन वेगळे नियम हवेत. हॅशवाल्या फायलींना एक वर्ष, म्हणजे मॅक्स-एज ३१५३६०००, आणि सोबत इम्युटेबल. हा शब्द २०१७ च्या आरएफसी ८२४६ ने आणला. तो ब्राउझरला सांगतो की रिलोडच्या वेळीही विचारायची गरज नाही. हॅश नसलेल्या फायलींना, उदाहरणार्थ फॅविकॉन (टॅबवरचं छोटं चिन्ह), काही मिनिटं किंवा तास. आणि एचटीएमएल पानांना नो-कॅशे. नो-कॅशे असलं तरी पान साठवता येतं, फक्त वापरण्याआधी सर्व्हरला विचारावं लागतं. अजिबात साठवू नये यासाठी नो-स्टोअर आहे, आणि ते बुकिंगच्या किंवा खात्याच्या खाजगी पानांपुरतं ठेवा.

एचटीएमएलचा नियम चुकला तर बाकी सगळं व्यर्थ आहे. नवा हॅश ब्राउझरला कळतो तो पानातूनच. पानच आठवडाभर साठवलं तर त्यातला जुना पत्ताही आठवडाभर चालणार.

एनजिनएक्समध्ये दोन जागी घसरायला होतं. पहिली: 'स्टॅटिक' फोल्डरसाठी एक लोकेशन, म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणता नियम ते सांगणारा भाग, असतं आणि खाली सीएसएस-जेएस एक्स्टेन्शनसाठी रेग्युलर एक्स्प्रेशनवालं दुसरं. साध्या उपसर्गवाल्या लोकेशनपेक्षा रेग्युलर एक्स्प्रेशनवालं वरचढ ठरतं, म्हणजे तुम्ही पहिल्यात बदल करत राहता आणि चालतो दुसरा नियम. दुसरी: आतल्या ब्लॉकमध्ये एक जरी हेडर जोडलं, तर बाहेरच्या ब्लॉकमध्ये जोडलेली हेडर तिथे नेहमीच्या मांडणीत लागू होत नाहीत. बदलानंतर कॉन्फिगरेशन तपासायची आज्ञा चालवा, मगच रीलोड करा, आणि हेडर पुन्हा ब्राउझरमध्ये वाचून खात्री करा.

आधीच कोणी हॅश नसलेल्या दर.जेएसला वर्षभराची मुदत दिली असेल, तर ज्यांनी ती उतरवली आहे त्यांच्या फोनमधून ती आपल्याला परत घेता येत नाही. हेडर आता दुरुस्त केला तरी तो ब्राउझर विचारायला येणारच नाही. पत्ता बदलणं हाच मार्ग: हॅश सुरू करा, किंवा आज रात्रीच हवं असेल तर फाइलचं नाव हाताने बदला.

पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून आवृत्ती लिहायची, म्हणजे 'व्ही=२' वगैरे, ही पद्धत चालते का? चालते, पण मी ती फक्त तात्पुरती वापरतो. आकडा वाढवणं माणसाच्या हातात राहतं, हा एक भाग. आकड्याऐवजी डिप्लॉयची वेळ लावली तर दर वेळी न बदललेल्या फायलीही सगळ्यांना पुन्हा उतरवाव्या लागतात; एक काडी रेंजवर हा भुर्दंड पाहुण्याला बसतो. आणि एक सूक्ष्म धोका असा की डिस्कवर फाइल एकच असते. डिप्लॉय अर्धवट झालेला असताना कोणी 'व्ही=३' मागितलं आणि सर्व्हरवर अजून जुनी फाइल असेल, तर जुना मजकूर नव्या पत्त्याखाली साठवला जातो आणि मुदत संपेपर्यंत तसाच राहतो. हॅश फाइलच्या नावात असेल तर तिथे ४०४ येतो, चुकीची फाइल कधी येत नाही.

तपासणी ८: मधला सीडीएन

इनकॉग्निटोतही जुनं, सर्व्हरवरची फाइल मात्र नवी, आणि एज हेडरमध्ये (प्रत किती सेकंद साठवणीत आहे) मोठा आकडा: हे तिन्ही जुळलं की मधल्या थरातून, म्हणजे सर्व्हर आणि पाहुण्याच्या मधे फायलींच्या प्रती ठेवणाऱ्या सीडीएनमधून, जुनी प्रत येतेय. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि चित्रं एक्स्टेन्शन बघून साठवते, एचटीएमएल मात्र सांगितल्याशिवाय साठवत नाही. तुमच्याकडे कोणी 'सगळंच साठवा' असा नियम लावलाय का ते बघा. फक्त त्या एका पत्त्याची साठवण काढा. सगळी साफ केली तर पुढचा सगळा भार एकदम तुमच्या छोट्या सर्व्हरवर येतो. क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) दुर्लक्षित करायचा पर्याय चालू असेल तर प्रश्नचिन्हवाली आवृत्ती निरुपयोगी ठरते, हेही इथेच सापडतं.

तपासणी ९: डिप्लॉयनंतरचं बिनस्टाइलचं पान

ज्या पाहुण्याने पान आधीच उघडून ठेवलंय त्याच्याकडे जुन्या हॅशचे पत्ते आहेत. डिप्लॉयने जुन्या फायली उडवल्या तर त्याला ४०४ येणार. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नव्या फायली चढवा, जुन्या तशाच राहू द्या, मग अ‍ॅप्लिकेशन रीलोड करा. जुन्या हॅशच्या फायली काही आठवडे राहिल्या तर थोडी जागा जाते, बाकी काही नाही. जागा कमी पडत असेल तर सगळ्यात जुन्या आधी काढा.

तपासणी १०: सर्व्हिस वर्कर

संकेतस्थळ होमस्क्रीनवर अ‍ॅपसारखं बसवता येतं का? मग सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालून पान आणि सर्व्हर यांच्यामधली मागणी हाताळणारी स्क्रिप्ट, असण्याची शक्यता मोठी. शिफ्ट दाबून केलेल्या रिलोडला नवं आणि साध्या उघडण्याला जुनं, ही त्याची खूण. डेव्हलपर टूल्सच्या अ‍ॅप्लिकेशन टॅबमध्ये तो दिसतो. त्याची स्वतःची साठवण असते, त्यामुळे वरचे हेडर सगळे बरोबर असूनही तो जुनी फाइल देऊ शकतो.

वर्करच्या फाइलला हॅश लावू नका. तिचा पत्ता कायम तोच हवा आणि तिला नो-कॅशे हवं. आणि ती फाइल सर्व्हरवरून काढून टाकू नका. काढली की अपडेटच्या वेळी ४०४ येतो आणि फोनमधला जुना वर्कर तसाच चालू राहतो. त्याच पत्त्यावर नवा वर्कर ठेवायचा, जो जुनी साठवण पुसेल आणि हवं तर स्वतःची नोंदणी रद्द करेल.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सर्व्हिस वर्कर पैसे भरण्याच्या किंवा बुकिंगच्या पानावर चालत असेल आणि तो कोणी लिहिला ते माहीत नसेल, तर त्याला हात लावू नका. चुकीचा वर्कर सगळ्या पाहुण्यांच्या फोनवर एकाच वेळी पोहोचतो.

सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील, किंवा सर्व्हरवर थेट विचारल्यावर येणारे हेडर आणि बाहेरून दिसणारे हेडर जुळत नसतील, तर मधल्या थरांचा नकाशा माहीत असलेला माणूस लागतो. शेअर्ड होस्टिंगवर कॉन्फिगरेशन बदलायची परवानगी नसेल तर होस्टिंगवाल्यालाच कळवा, आडवाटेने बदलू नका. एखाद्या पाहुण्याला दुसऱ्याच पाहुण्याचं नाव किंवा बुकिंग दिसलं, तर एकही तपासणी करत बसू नका: पानांचा साठवणीचा नियम ताबडतोब बंद करून त्याच तासाला जाणकाराला फोन करा. ती खाजगी माहितीची गळती आहे.

आणि पैशांची रक्कम जर फक्त दर.जेएस ठरवत असेल, सर्व्हर ती पुन्हा मोजत नसेल, तर कॅशे दुरुस्त झाल्यावरही ते काम प्रोग्रामरकडून करून घ्या. ब्राउझरमधला आकडा हा पाहुण्याला दाखवायचा अंदाज. पावतीवरचा आकडा सर्व्हरनेच काढला पाहिजे.

फोन करण्याआधी एवढं लिहून ठेवा: ज्या फाइलचा प्रश्न आहे तिचा पूर्ण पत्ता, तिचे उत्तराचे सगळे हेडर, वेळ, फोन आणि ब्राउझर कोणता, वायफाय की मोबाइल डेटा, इनकॉग्निटोत काय दिसलं, आणि शेवटचा डिप्लॉय कधी झाला. एवढं हातात असेल तर समोरच्याला तपासणी १ पासून सुरुवात करावी लागत नाही, आणि तुम्हालाही तेवढ्या तासांचे पैसे द्यावे लागत नाहीत.